नूची पाडसे

गेल्या वर्षी आमच्या शाळेत पोरांना एक चित्रपट दाखवला. आफ्रिकेतल्या टांझानिया देशात सेरेंगेटी नावाचे अफाट माळरान आहे, तेथल्या जनावरांचा तो होता. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. पडद्यावर एक काळेसावळे, दाढीवाले, मान खाली घालून रेटत चाललेले जनावर दिसले आणि सगळा वर्ग हसला. मग एकाची दहा झाली, दहांची हजार झाली, आणि शेवटी पडदाभर, क्षितिजापर्यंत, मुंग्यांची रांग जावी तशी ती जनावरे चालताना दिसू लागली तेव्हा हसू थांबले. चित्रपट संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे असं पहिल्यापासनंच आहे का?"

मी म्हणालो, "हो. हजारो वर्षं हे असंच चालू आहे."

मास्तराला उत्तर माहीत नसले की तो बहुधा हजारो वर्षांचा आधार घेतो. मी आफ्रिका पाहिलेली नाही, पुढे पाहीन असेही दिसत नाही. पण त्या पोरीच्या प्रश्नाने मला चैन पडेना. मिळतील ती पुस्तके मिळवली, वाचली, आणि लक्षात आले की मी तिला चुकीचे सांगितले होते. इतकेच नव्हे, तर त्या चुकीचा धागा ओढत गेलो तो आफ्रिकेतून मसावाच्या बंदरात, तेथून पुण्यात, आणि शेवटी आमच्याच घरच्या गोठ्यात येऊन पोहोचला. तो इतिहास येथे सांगायचा आहे. पण त्याआधी ते जनावर नीट पाहिले पाहिजे. नाहीतर पुढचे काही समजायचे नाही.

त्याचे नाव नू. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई लोकांनी त्याच्या हाकेवरून ते ठेवले असे म्हणतात. नर ओरडतो तो आवाज काहीसा तसाच येतो. डच शेतकरी तेथे गेले, त्यांनी त्याला विल्डेबीस्ट म्हटले, म्हणजे रानगुरू. वास्तविक ते गुरू नव्हे. आपल्याकडचे काळवीट, चिंकारा ज्या कुरंगांच्या गोतात मोडतात त्याच गोतातले ते आहे. चितळ-सांबरांची शिंगे दर साल गळतात आणि नवी येतात. कुरंगांची शिंगे गळत नाहीत, जन्मभर तीच. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला शिंगे गाळणारे हरीण मुळीच नाही. सगळे राज्य कुरंगांचे. सशाएवढ्या डिक‌डिकपासून बैलाएवढ्या एलंडपर्यंत त्यांच्या सत्तरेक जाती आफ्रिकेत आहेत.

पोरे हसली त्यात त्यांचा दोष नाही. देवाने इतर जनावरे घडवल्यावर उरलेल्या तुकड्यांचा नू केला असे कोणालाही वाटावे. डोके बैलाचे, तेही जरा लांबट ओढलेले. शिंगे आधी बाजूला जाऊन मग वर वळलेली, आणि ती नर-मादी दोघांनाही. हनुवटीखाली पांढुरकी दाढी, मानेवर घोड्याची आयाळ, मागे घोड्याचेच शेपूट. खांदा उंच, चार-सव्वाचार फुटांचा, आणि तेथून पाठ मागे उतरत गेलेली. अंगाचा रंग राखाडी, त्यावर मानेपासून बरगड्यांपर्यंत काळसर उभे पट्टे. वाढलेल्या नराचे वजन दोनशे किलोंच्या वर जाते, आणि हा सगळा बोजा हरणाच्या बारीक पायांवर. उभा असताना तो विचित्र दिसतो खरा. पण तो उभा राहण्यासाठी झालेलाच नाही. ती उतरती पाठ आणि ते बारीक पाय दुडक्या चालीने मैलामागून मैल तोडण्यासाठी आहेत.

तो चालतो का? गवतासाठी आणि पाण्यासाठी. सेरेंगेटीच्या आग्नेयेला ओल डोइन्यो लेंगाई नावाचा ज्वालामुखी आहे. मसाई लोकांचा तो देवाचा डोंगर. त्याची आणि त्याच्या शेजारच्या जुन्या ज्वालामुखींची राख शतकानुशतके वाऱ्याने पश्चिमेच्या मैदानावर पडली. त्या राखेचा खाली कठीण थर झाला आहे. त्यात झाडाचे मूळ जात नाही, म्हणून मैदानावर झाड नाही. गवत मात्र उगवते. बोटभरच, पण कसदार. विणाऱ्या आणि पाजणाऱ्या मादीला जे क्षार लागतात ते त्यात भरपूर. पण हे मैदान पाऊस असेतोच हिरवे. मे महिन्याच्या सुमारास ते वाळू लागले की कळप पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे वळतात, तेथून उत्तरेला मारा नदी ओलांडून केनियाच्या हद्दीत जातात, आणि नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला की पुन्हा दक्षिणेची वाट धरतात. मारा नदीत उड्या टाकताना चेंगरून, बुडून दर साल सरासरी सहा हजारांवर नू मरतात अशी नोंद आहे. चित्रपटवाल्यांचे सगळे लक्ष त्या नदीवर आणि तिच्यातल्या मगरींवर. माझे लक्ष मात्र मैदानावर, विणीच्या दिवसांवर लागून राहिले.

त्याआधी, बाकीच्या कुरंगांना अगदीच वगळले असे होऊ नये म्हणून थोडे. नू एकटा चरत नाही. पुढे झेब्रे जातात आणि उंच गवताचे राठ शेंडे-काड्या खातात. मागून नू येतो, तो मधला पाला घेतो. आणि त्याच्या मागून टॉमसनचा गॅझेल, आपल्या चिंकाऱ्याचा आफ्रिकेतला भाऊबंद, जमिनीलगतचे कोवळे फुटवे टिपत येतो. रिचर्ड बेल ह्या संशोधकाने १९७१ साली ही पंगत नीट मांडून दाखवली. गॅझेलमागे रानकुत्रे लागले की तो चारी पाय ताठ करून जागच्या जागी उसळ्या मारतो. पळायचे सोडून हा खेळ कशाला असे वाटते, पण 'माझ्या पायांत बळ आहे, माझ्या नादी लागू नका' असे तो सांगत असावा, असा अभ्यासकांचा तर्क. टोपी नावाचा तांबूस-जांभळा कुरंग वारुळावर चढून तास न् तास पुतळ्यासारखा उभा राहतो. भूमी माझी आहे हे त्याला सर्वांना दाखवायचे असते. आमच्या कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात मी काळवीट पाहिले आहेत. नर आपल्या जागेत ठरलेल्या ठिकाणी लेंड्यांचा ढीग घालतो आणि ती जागा राखून बसतो. नूच्या नराचीही हौस तीच. पण त्याची पंचाईत अशी की त्याचे गाव चालते आहे. मग तो करतो काय, तर कळपाचा मुक्काम जेथे पडेल तेथे चार-दोन दिवसांपुरती जहागीर मांडतो! गुडघे टेकून शिंगांनी माती उकरतो, शेजाऱ्याशी गुडघ्यांवरच बसून टकरा घेतो, घसा फुटेतो ओरडतो. आणि कळप हलला की जहागीर सोडून त्याच्या मागे लागतो.

माज असतो मे-जूनच्या सुमाराला. म्हणजे साडेआठ महिन्यांनी, जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत वीण. पण ही वीण सावकाश चालत नाही. शंभरांतल्या ऐंशी माद्या दोन-तीन आठवड्यांत विऊन मोकळ्या होतात. बहुतेक कुरंग पाडसाला गवतात लपवतात. आई दूर चरते आणि पाजण्यापुरती येते. नूला लपवायला जागाच नाही. बोटभर गवतात काय लपवणार? म्हणून तो उलटे करतो. सगळे उघड्यावर, दिवसाढवळ्या, एकाच वेळी. पाडूस पडल्यापासून सरासरी सात मिनिटांत पायांवर उभे राहते, आणि थोड्याच वेळात आईच्या बरोबरीने पळते. तांबूस पिवळट रंगाची ती पाडसे लाखांनी असतात. तरस येतात, पोटभर खातात. पण तरसाचे पोट ते केवढे! महिनाभर मेजवानी झाली तरी पाडसे उरतातच. जी मादी लवकर किंवा उशिरा विते तिचे पाडूस मात्र हटकून जाते. एकटेपणाला तेथे क्षमा नाही.

हे वाचले तेव्हा वाटले, अशा जनावराला हरवणार कोण? सिंह नाही, तरस नाही, नदी नाही. आणि नेमके ह्याच ठिकाणी पुस्तकात एक शब्द आला. रिंडरपेस्ट. जर्मन शब्द आहे, गुरांची मरी असा त्याचा अर्थ. शब्दकोशात पाहिले. मराठीत: बुळकांडी.

हा शब्द मला कोशात पाहण्याची खरे तर गरज नव्हती. आजोबांच्या तोंडून तो मी कितीदा तरी ऐकला होता. आम्हा पोरांचे पोट बिघडले की आजी 'बुळकांडी लागली' म्हणे, आणि आजोबा तिच्यावर डाफरत, "तो शब्द ह्या घरात नको." त्याचे कारण पुढे सांगतो.

बुळकांडी हा रवंथ करणाऱ्या जनावरांचा रोग. आपल्या गोवराचा तो जवळचा नातलग. किंबहुना गोवर त्याच्यापासूनच फुटून माणसात आला असे आता मानतात. आधी ताप, मग डोळ्यानाकांतून पाणी, तोंडात फोड आणि जखमा, मग रक्तमिश्रित हगवण. आठ-दहा दिवसांत जनावर आटोपते. नव्या मुलखात शिरली की शंभरांतली नव्वद गुरे नेई. आशियात आणि युरोपात हा रोग फार जुना. सहाराच्या दक्षिणेला मात्र तो घर करून नव्हता. तेथल्या गुरांना आणि कुरंगांना त्याची ओळखच नव्हती.

१८८७ च्या जानेवारीत लाल समुद्राच्या काठी डोगाली येथे इथिओपियाच्या सैन्याने इटालियनांची एक तुकडी कापून काढली. इटलीने सूड म्हणून मोठी फौज मसावा बंदरात उतरवायला घेतली. फौज म्हटली की तिला खायला आणि ओढायला गुरे हवीत. ती बाहेरून जहाजांनी आली, आणि त्यांतली रोगट गुरे हिंदुस्थानातून आली होती असे बहुतेक इतिहासकार मानतात. ती कोणत्या धक्क्यावरून चढली, कोणाच्या गोठ्यातली होती, ह्याची नोंद कोण ठेवतो? ती मसावाला उतरली, आणि तिच्यामागे इथिओपियाची गुरे मरू लागली. नांगराला बैल उरले नाहीत. शेते पडीक राहिली. १८८८ ते १८९२ ह्या चार वर्षांचा जो दुष्काळ पडला त्यात त्या देशाची तिसरा हिस्सा माणसे मेली असा अंदाज आहे. तेथे त्या काळाला नुसते 'वाईट दिवस' म्हणतात.

मरी दक्षिणेकडे सरकली. १८९० मध्ये ब्रिटिश कप्तान लुगार्ड पूर्व आफ्रिकेतून जात होता, त्याने वाटेवर रेड्यांचे आणि गुरांचे सडे पाहिले. १८९२ च्या मार्चमध्ये ओस्कार बाउमान हा ऑस्ट्रियन प्रवासी न्गोरोंगोरोच्या विवरात उतरला आणि तेथून सेरेंगेटी ओलांडून व्हिक्टोरिया सरोवराकडे गेला. मसाई हे गुरांचे लोक. दूध आणि रक्त हे त्यांचे अन्न, गुरे हेच धन. गुरे गेली, त्यापाठोपाठ देवी आल्या. बाउमानच्या छावणीभोवती हाडांचे सापळे झालेल्या बायका आणि रांगत येणारे तरुण योद्धे जमत. मूठभर मांसासाठी आईबाप पोटची पोरे देऊ करीत. मसाईंची दोन-तृतीयांश माणसे गेली असावीत असा त्याचा अंदाज होता. त्या वर्षांना मसाई 'एमुताई' म्हणतात, म्हणजे पुसून टाकणे.

रानातली जनावरेही त्याच वाटेने गेली. रानरेडे, एलंड, कुडू, जिराफ आणि नू. पुढे १८९६ मध्ये मरीने झांबेझी नदी ओलांडली, आणि वर्षभरात ती खंडाच्या दक्षिण टोकाकडे पोहोचली. मसावापासून तेथपर्यंत जायला तिला दहाच वर्षे लागली.

येथे मला मरीआईचा गाडा आठवतो. आमच्या भागात साथ आली की लाकडी गाड्यात मरीआईला बसवून, हळदकुंकू वाहून, वाजतगाजत गावच्या शिवेवर नेऊन सोडत. पुढचे गाव तो आपल्या हद्दीतून पुढे ढकली. आपल्या शिवेपलीकडे गेला की आपण सुटलो. १९५० नंतर एक-दोन वर्षांत आमच्या गावी बुळकांडी आली तेव्हाही असा गाडा ढकलला होता. आजोबांची बैलजोडी त्यापूर्वीच गेली होती. दोन्ही बैल चार दिवसांच्या अंतराने. उसनवारीवर बैल मिळेना, कारण गावात बैलच नव्हते. त्या वर्षी आजोबांनी जमीन दुसऱ्याला वाट्याने दिली आणि ते कारखान्यावर हमालीला गेले. जमीन पुढे परत आली. पण पुन्हा बैल त्यांनी घेतले नाहीत. आमच्या घरात मास्तरकी आली ती अशी. दारात बैल असता तर मी आज नांगरामागे असतो.

असो. सेरेंगेटीकडे वळू. पहिल्या तडाख्यातून जी जनावरे उरली ती पुन्हा वाढायला हवी होती. ती वाढली नाहीत. साठेक वर्षे नूंचा आकडा हलेना. लोकांना वाटे, एवढेच गवत, एवढेच नू. निसर्गाचे माप आहे. खरे कारण पाडसांत होते. मोठ्या नूने एकदा रोग पचवला की त्याला तो पुन्हा होत नसे. आईच्या चिकातून पाडसालाही थोडे संरक्षण मिळे. पण ते पाच-सहा महिने पुरे. ते सरले की पाडूस उघडे पडे आणि वर्षाच्या आतच मरे. तेथले लोक ह्याला 'वर्षाच्या पाडसांचा रोग' म्हणत. मला येथे थांबून विचार करावासा वाटतो. सगळी पाडसे एकदम घालण्याची जी युक्ती तरसापुढे इतकी चालली, तीच येथे नडली असावी. सगळी एका वयाची, म्हणून सगळ्यांचे संरक्षणही एकाच महिन्यात संपायचे. आणि सगळी एकमेकांना खेटून चालणारी! बुळकांडीला ह्याहून सोयीचे ताट कोण वाढणार?

१९५१ साली सेरेंगेटीला राष्ट्रीय उद्यान केले. १९५८ च्या जानेवारीत जर्मनीतले बेर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल ह्यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या लहानशा विमानातून तेथली जनावरे मोजली. एकूण सुमारे ३ लाख ६७ हजार भरली. त्यांत नू एक लाखाला थोडे कमी. पुढच्या वर्षी, १० जानेवारी १९५९ रोजी, मिखाएलच्या विमानाला गिधाड धडकले आणि तो चोविसाव्या वर्षी गेला. न्गोरोंगोरोच्या काठावर त्याची समाधी आहे. १९८७ नंतर बापही तेथेच त्याच्याशेजारी आहे. त्या दोघांच्या चित्रपटामुळे सेरेंगेटी जगाला कळले. जे कळप त्यांनी दाखवले ते त्यांना विशाल वाटले, आणि वाटावेत असेच होते. पण ते रोगी घरातले उरलेले लोक होते.

बुळकांडीवरच्या उपायाची वाट मात्र आपल्या घरावरून जाते. गुरांच्या साथींची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाने १८७१ साली अहवाल दिला, आणि सरकारी चालीने अठरा वर्षांनी, ९ डिसेंबर १८८९ रोजी, पुण्यात गुरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली. म्हणजे मसावाला ती गुरे उतरली त्याच्या दोन वर्षांनंतर. भर वस्तीत रोगबीजे ठेवणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तेथे १९२० नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्स ह्यांनी बुळकांडीचे रोगबीज शेळ्यांच्या अंगातून पुन्हा पुन्हा पार केले, तेव्हा ते गुरांपुरते सौम्य झाले आणि त्याची लस झाली. शेळीच्या लशीची ही रीत पुढे केनियातही चालू झाली. पण ती लस जरा जहालच. अशक्त जनावराला सोसत नसे. १९६० च्या सुमारास केनियात मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट ह्यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर रोगबीज वाढवून, नव्वदएक वेळा पालटून, नवी लस केली. एकदा टोचले की जन्मभराची निश्चिंती, आणि किंमतही थोडी.

तोवर समज असा होता की रोगाचे माहेर रानात आहे. नू आणि रानरेडे तो बाळगतात आणि बिचाऱ्या गुरांना देतात. साथ अडवायला मधला पट्टा रिकामा करावा म्हणून रानातली जनावरे बंदुकीने मारण्याचेही प्रयोग आफ्रिकेत झाले. ह्या समजाला थोडा आधार होता, तो दुसऱ्याच रोगाचा. नूच्या नवजात पाडसांपासून गुरांना एक जीवघेणा ताप होतो. मसाई हे पिढ्यान्पिढ्या जाणून होते आणि विणीच्या दिवसांत गुरे त्या मैदानापासून दूर ठेवीत. त्या तापाचे रोगबीज नूमध्ये सापडले ते १९६० मध्ये, आणि सापडले ह्याच प्लाउराइटना. मसाईंचे म्हणणे त्या बाबतीत अगदी खरे ठरले. पण बुळकांडीच्या बाबतीत गुन्हेगार उलट बाजूला होता. सेरेंगेटीभोवतालच्या मसाईंच्या गुरांना लस टोचत गेले. रानातल्या एकाही नूला कोणी सुई लावली नाही. आणि १९६३ नंतर जन्मलेल्या नूंच्या रक्तात बुळकांडीची खूणही सापडेना. रोग गुरांत होता. गुरांतून गेला तसा रानातूनही गेला.

मग आकडे धावू लागले. १९६१ मध्ये अडीच लाखांवर, १९७१ मध्ये सात लाखांच्या घरात, १९७७ मध्ये सुमारे चौदा लाख. मधल्या काळात कोरड्या दिवसांतला पाऊस चांगला झाला त्याचाही त्यात वाटा आहे. एवढी तोंडे गवताला लागल्यावर वणव्यांना जळायला गवत उरेना. वणवे कमी झाले, आणि कित्येक ठिकाणी झाडे पुन्हा वर आली. म्हणजे मसाईंच्या गाईला टोचलेल्या सुईने सेरेंगेटीत रान वाढले! अलीकडे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेल्या एका मोजणीत नू सहा लाखांच्या आत निघाले आहेत. जुनी मोजणी चुकली की नू घटले, ह्यावर आता वाद आहे. मोजणाऱ्यांचे मोजणाऱ्यांनी पाहावे.

एक गोष्ट मात्र राहून राहून टोचते. १९५९ मध्ये मसाईंना सेरेंगेटीच्या उद्यानातून उठवून न्गोरोंगोरोकडे पाठवले. रान अस्पर्श राहावे, आदिम राहावे म्हणून. ज्या मुलखाला त्या वेळी अस्पर्श म्हटले तो साठ-सत्तर वर्षांपूर्वी मरीने रिकामा केलेला होता. आणि पुढे त्यात जे लाखो नू भरले ते ह्याच उठवलेल्या लोकांनी आपल्या गुरांना लस टोचून घेतली म्हणून. चित्रपटात ह्याबद्दल अक्षर नव्हते. माझ्याही उत्तरात नव्हते.

बुळकांडीचा भारतातला शेवटचा रोगी १९९५ सालचा. जगातली शेवटची साथ २००१ मध्ये केनियातल्या मेरूच्या अभयारण्यात, रानरेड्यांत. २०११ मध्ये हा रोग पृथ्वीवरून गेला असे जाहीर झाले. माणसांतली देवी गेल्यानंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. आजोबा त्याच्या आधीच गेले होते.

दिवाळीच्या सुटीपूर्वी मी सातवीच्या वर्गावर गेलो आणि पोरांना सांगितले की मागे मी एक उत्तर चुकीचे दिले होते. मग हे सगळे, त्यांना समजेल असे, दोन तास सांगितले. नूची पाडसे, मसावाची जहाजे, पुण्याची प्रयोगशाळा. आणि आजोबांच्या बैलांचेही सांगितले. पोरे शांत बसली होती. तास संपताना त्याच मुलीने हात वर केला.

"गुरुजी, त्या बैलांची नावं काय होती?"

मला सांगता आली नाहीत. त्या रात्री आत्याला फोन केला. बैल गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता ऐंशी उलटून गेली आहे, कालचे तिला आठवत नाही. "बैलांची होय?" ती म्हणाली, "पाखऱ्या अन् हौशा. पाखऱ्या आधी गेला. हौशानं मग वैरणच तोडली नाही, रे."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी ती दोन नावे लिहिली, आणि पोरांनी ती वहीत उतरून घेतली.